दहा सह्या आणि एक खोडरबर

आमच्या आप्पांनी एका नावाजलेल्या चित्रकाराच्या दहा सह्या खोडरबराने पुसून टाकल्या आणि मला विचारलं, "चाय घेतंस काय रे?"

हे असं एकदम सांगितलं तर कोणाला पटत नाही, म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

गिरण्यांचा संप सुरू होऊन वर्ष होत आलं होतं. आप्पा बावीस वर्षं गिरणीच्या फोल्डिंग खात्यात तयार कापड तपासत होते. आता तपासायला कापड नव्हतं, म्हणून ते लालबागच्या आमच्या खोलीत बसून टॉवेल तपासायचे. ("ह्या टॉवेलाची किनार वाकडी असा!" "मग अंग पुसू नका!" इति आई.) मी त्यांचा मुलगा, आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला पहिला. तोही चित्रकलेच्या कॉलेजात! नातेवाइकांनी विचारलं तर आई "तो कॉलेजात असतो" एवढंच सांगून विषय बदलायची.

आमच्या सरांनी दादरच्या एका हॉलमध्ये मुद्राचित्रांची विक्री ठरवली. मुद्राचित्र म्हणजे लाकडावर चित्र कोरायचं, त्याला शाई लावायची आणि कागदावर छाप घ्यायचा. विक्रीतून संपकऱ्यांच्या घरी तांदूळ जाणार होता, आणि यादीत आमची चाळ पहिली होती. मुख्य आकर्षण होतं सरांचं स्वतःचं चित्र, बंद गिरणीच्या भोंग्याकडे कान लावून बसलेली चाळ. त्याचे दहाच छाप, आणि प्रत्येकाखाली पेन्सिलीने सरांची सही. ती सही हाच त्याचा जीव. सही नसेल तर तो नुसता छापील कागद!

हॉलपासून माझं घर जवळ, म्हणून सरांनी ते दहा छाप माझ्याकडे दिले. "जपून हं," ते म्हणाले. मी ते तान्ह्या बाळासारखे घरी आणले, खाटेवर ठेवले, आईला तीन वेळा बजावलं, "कोणी हात लावायचा नाही," आणि विक्रीच्या जाहिराती चिकटवायला गेलो.

दोन तासांनी परत आलो, तेव्हा आप्पा जमिनीवर मांडी घालून बसले होते. पुढे छापांचे दोन गठ्ठे. हातात माझा खोडरबर. चेहऱ्यावर वर्षभरात न दिसलेलं समाधान!

"आई!" मी ओरडलो. "कोणी हात लावायचा नाही म्हटलं होतं ना!"

"कोणीच नाही लावला. नानांनासुद्धा दारातूनच परत पाठवलं."

"आणि आप्पा?"

"ते काय 'कोणी' आहेत?"

मी वरचा छाप उचलला. सही नव्हती. दुसरा उचलला. नव्हती. दहाच्या दहा कागद आंघोळ घातल्यासारखे स्वच्छ!

"आप्पा, खाली पेन्सिलीने लिहिलेलं होतं..."

"सगळ्यांवर होता! पुसलंय," आप्पा म्हणाले. "अरे, कापडावर पेन्सिलीची खूण म्हणजे दोष. माल भायर जायच्या आधी खूण पुसूची लागता. तुझ्या सरांक कोणी शिकवूक नाय काय?"

"ती सरांची सही होती!"

आप्पांचा हात थांबला. त्यांनी खोडरबराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग आईकडे. मग त्यांनी तो चहाचा प्रश्न विचारला. (खरं तर त्यांनाच पाण्याची गरज होती.)

"पण पेन्सिलीने सही कोण करता?" ते पुटपुटले. "पगाराच्या वहीत आम्ही अंगठासुद्धा पक्क्या शाईचो दितों."

"आता तांदूळ?" आईने विचारलं. चाळीतल्या बायकांनी डबे घासून ठेवले होते.

तेवढ्यात नाना पुन्हा डोकावले. नाना म्हणजे शेजारचे, एका कचेरीत कारकून. सगळ्या चाळीचे अर्ज तेच लिहायचे. हकिकत ऐकून ते हसले. "सहीचंच ना? इकडे आण. साहेब रजेवर असला की मीच करतो."

"नको नाना! ती खोटी..."

"खोटी कशी? आमच्याकडे रीत आहे." त्यांनी खिशातून बॉलपेन काढलं.

"थांब!" आप्पा ओरडले. मला वाटलं, वाचलो! "चांगल्या मालावर नको. ह्या सेकंडवर, डागी मालावर करून बघ." आणि त्यांनी लहान गठ्ठ्यातला एक छाप पुढे सरकवला!

मी झेप घेईपर्यंत नानांनी निळ्या शाईत सरांचं पूर्ण नाव लिहिलं, त्याखाली झोकदार रेघ ओढली, आणि रेघेखाली स्वतःची सही ठोकून शेजारी लिहिलं, "करिता".

दुसऱ्या दिवशी हॉलवर मी सरांसमोर उभा राहिलो तेव्हा माझ्या तोंडून फक्त "सर, ते, म्हणजे, घरी" एवढंच निघालं. सरांनी एकेक कागद पाहिला. त्यांचा चेहरा त्या कागदांहून पांढरा होत गेला. "करिता"पाशी आल्यावर ते शेजारच्या खुर्चीवर बसले.

माझ्यामागून धुवट शर्ट घातलेले आप्पा पुढे आले. (मी नको म्हणत असताना आले होते.) "साहेब, पोराची चूक नाय. मी पुसलंय. शिक्षा मला करा, पण तांदूळ थांबवू नका."

सरांनी लहान गठ्ठ्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "ही तीन वेगळी का ठेवलीत?"

"सेकंड असत," आप्पा म्हणाले. "ह्येच्यात डाव्या कोपऱ्यात शाई कमी. ह्यो कागद सूतभर सरकलो. आणि ह्या करितावाल्यावर वर बोटाचो ठसो."

सरांनी खिशातून भिंग काढलं. पाहिलं. पुन्हा पाहिलं. हा त्यांना दुसरा धक्का होता! "चार दिवस हे माझ्या टेबलावर होते," ते हळूच म्हणाले. "मला नाही दिसलं."

"खुर्चीत बसून नाय दिसत, साहेब. उजेडात उभं ऱ्हवा लागता."

सरांनी सात छापांवर पुन्हा सह्या केल्या. (पेन्सिलीनेच. आप्पांनी मोठ्या कष्टाने नजर दुसरीकडे वळवली.) नानांचा "करिता" त्यांनी घरी न्यायला ठेवला. दुपारपर्यंत सातही विकले गेले, आणि मी जन्मात पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

तो सोडायच्या आत सर म्हणाले, "आप्पा, ह्या पोरांची कामंही बघा की जरा."

आप्पा भिंतीकडे निघाले. कॉलेजची वीस पोरं रांगेत थिजली. शेवटचं चित्र माझं होतं. माझं पहिलंवहिलं. सही इंग्रजीत आणि चांगली लांबलचक, त्यामुळे ते कोणाचं हे आप्पांना कळायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी ते भिंतीवरून काढलं, खिडकीपाशी नेलं, उजेडासमोर धरलं, उलटं केलं. मग सवयीने खिशात हात घातला. खोडरबर!

"साहेब," ते खाजगी आवाजात म्हणाले, पण हॉलभर ऐकू गेलं, "ह्येच्यावरची पेन्सिल पुसून भागूचा नाय. चित्रच पुसूक होया!"

तांदूळ चाळीत पोचला. माझं चित्र कोणी घेतलं नाही. ते आईने तांदळाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवलं, आणि तिथे मात्र ते वर्षभर चांगलं चाललं.

आता मी स्वतः मुद्राचित्रण शिकवतो. सह्या पेन्सिलीने का करतात, असं मुलं विचारतात, तेव्हा मी त्यांना जुनी परंपरा समजावून सांगतो. माझ्यापुरतं कारण सोपं आहे. आप्पा कधीही येतात, आणि शाई पुसायला त्यांना त्रास होतो.