कॉम्प्युटरच्या पिढ्या मी उलट्या सांगितल्या

"पहिली पिढी कोणती, आजी?" मॅडमनी विचारलं आणि मी त्यांच्या टेबलावरच्या नव्याकोऱ्या लॅपटॉपकडे बोट केलं. "ही."

सगळा वर्ग फिदीफिदी हसला. शेजारी बसलेली माझी नात तेवढी हसली नाही. तिनं मान खाली घातली. मी नापास झाले तर तिचाही क्लास सुटणार होता.

माझ्या मुलाची अटच तशी होती. पोरगी वालूरहून सेलूला एकटी जाणार नाही, आजी सतत नजरेसमोर पाहिजे. क्लासात नाव नसलेल्याला आत बसू देत नव्हते आणि खालचा कापडवाला जिन्यात टेकू देत नव्हता. मग मीच नाव घातलं. चौथी शिकले आहे, वाचता येतं. पण मॅडमचा नियम कडक. कॉम्प्युटरच्या इतिहासाची तोंडी परीक्षेत जो नापास होईल त्यानं खुर्ची सोडायची. बाहेर लोक नंबर लावून होते.

खरं सांगायचं तर तो इतिहास मला फार आवडला. मला वाटलं होतं राजे आणि लढाया असतील. निघालं आमच्याच घरातलं सामान. पहिल्या कॉम्प्युटरात काचेच्या नळ्या होत्या. तशाच आमच्या गावातल्या पहिल्या रेडिओत होत्या. त्या तापल्या की मग आवाज यायचा, तोवर गाणं अर्धं सरलेलं. दुसऱ्या पिढीत ट्रान्झिस्टर आला. ट्रान्झिस्टरचा रेडिओ तर माझा नवरा गळ्यात अडकवून मेंढरांमागे हिंडायचा. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा पोरी वह्या सोडून ऐकत बसल्या होत्या.

"आजी, नीट आठवा. पाठ केलंय ना?" मॅडमनी पुन्हा विचारलं.

"पाठ हाय. तुमीच उलटं विचारायलात."

मागून एक पोरगी ओरडली, "आज्जी मॅडमलाच नापास करायली!"

आम्ही मेंढपाळ. मेंढराची पिढी आम्ही समोरच्या कोकरापासून मोजतो. कोकरू, त्याची आई, आईची आई. मेलेल्या मेंढीपासून कोण सुरुवात करतं? मी पिढ्या तशाच पाठ केल्या होत्या. मॅडमना तसं सांगितलं आणि विचारलं, "माझ्या रीतीनं सांगू का?"

"सांगा."

"हा तुमचा लॅपटॉप. याच्या पोटात नखाएवढी चिप, सगळं डोकं तिच्यात. तिची आई म्हंजी ती बारकी चकती, लय ट्रान्झिस्टर एकत्र बसवलेली. तिची आई सुटा ट्रान्झिस्टर. अन् त्याची आई काचेची नळी. खोलीभर पसरायची, लय वीज खायची, घडीघडी जळायची. दर पिढीला अंगानं बारीक अन् कामाला चलाख. मेंढरात असं झालं असतं तर आमी उपाशी मेलो असतो."

मॅडम तोंडावर हात ठेवून हसल्या. मग म्हणाल्या, "आता माझ्या रीतीनं. वरून खाली, नळीपासून लॅपटॉपपर्यंत."

तेही सांगितलं, एकदाही न अडखळता.

जिना उतरताना नात म्हणाली, "आज्जे, मला लय भ्याव वाटलं व्हतं."

"मंग फरशी कामून बघत बसलीस? माझ्याकडं बघायचं की."

त्या परीक्षेला आम्ही अकरा जणी बसलो होतो, दहा पोरी आणि मी. अकराही जणी पास झालो.