फ्लेक्सवरचा तो माणूस आमचे बाबा नाहीत

मंडळी, डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहायलेय.

आमचे बाबा मिलिटरीतून रिटायर होऊन आले. आज आमच्या गावात, बोरीत, त्यांचा सत्कार होता. फाट्यावर भला मोठा फ्लेक्स. चेहरा बाबांचा, धड भलत्याच कुणाचं आणि हातात बंदूक. बाबा मिलिटरीत स्वयंपाकी होते.

फ्लेक्सवाल्या दादाला विचारलं, तर म्हणतो, "ताई, हातात झारा दाखवला तर लोक हसतील की."

मग स्टेजवर पाहुण्यांनी माइकवरून विचारलं, "फौजी, किती दुश्मन मारले?"

बाबा उठून म्हणाले, "साहेब, मी स्वयंपाकाला होतो. बर्फात स्टोव्ह पेटायचा न्हाई, तरी एकाही जवानाला उपाशी ड्युटीवर जाऊ दिलं न्हाई."

अख्खा मांडव हसला. बाबाही कसनुसं हसून खाली बसले. ते माझ्यानं बघवलं नाही.

नंतर हीच माणसं पंगतीला बसली आणि दोन-दोनदा बुंदी मागून घेतली. गावाला आपल्या हातचं खाऊ घालायचं म्हणून बाबा पहाटेपासून कढईपुढे उभे होते. बुंदी कुणी पाडली, हे एकानंही विचारलं नाही.

तुमच्या गावात फौजी परत आला, की तुम्ही त्याला पहिलं काय विचारता?