भन्तेंनी अंथरलेलं कापड

माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घ चुकतं आणि अक्षर तर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे. हे कुणाच्या हाती लागलंच तर माफ करावं. चौथीनंतर पाटी सुटली आणि हातात लाटणं आलं. आजही चाकणच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्याच लाटते.

कुरुळीतल्या आमच्या विहारातल्या बायकांनी थायलंडची सहल ठरवली, तेव्हा मी नाव दिलं नव्हतं. चारचौघांत बोलायचं म्हटलं की मला घाम फुटतो, त्यात विमान. पण थोरल्या जाऊबाई मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "जायचंय ना तुला? तोंडावर दिसतंय की."

मी म्हटलं, पैसे कुठायत. त्यांनी भिशीचे उचललेले पैसे आणून माझ्यापुढं ठेवले.

"फेड सावकाश. पण एक सांग, तुझा बुद्ध कुरुळीत भेटत न्हाई व्हय?"

"तिथं सगळा देशच बुद्धाचा आहे," मी म्हटलं. "तू कोण, कुणाची, असं कुणी विचारत नाही."

खरं सांगायचं तर एवढ्याचसाठी मला जायचं होतं.

पहिल्याच दिवशी एका मोठ्या मंदिरात गेलो. आत फरशी गार, उदबत्तीचा मंद वास, आणि मूर्ती एवढी मोठी की मान वर करून बघावं लागे. पांढऱ्या साड्या नेसून आम्ही पाय मागं दुमडून बसलो. तिथं मूर्तीकडं तळवे करत नाहीत. भिक्खूंनी वंदना सुरू केली. चाल वेगळी होती, शब्द आमचेच. मीही हळूच ओठ हलवू लागले. परक्या देशात आले होते आणि मला सगळं पाठ होतं.

मग दान द्यायची वेळ आली. आमच्या विहारात भन्तेजी आले की आम्ही पाकीट त्यांच्या हातात देतो. तसंच मी पुढं केलं. म्हातारे भन्ते चेहऱ्यानं हसरे होते. पण त्यांनी हात एकदम मागं घेतला, मांडीजवळचं केशरी कापड माझ्यापुढं अंथरलं आणि त्यावर ठेव अशी खूण केली.

मी ठेवलं. कान तापले होते. माझी आई सांगायची, ती लहान असताना गावचा दुकानदार तिच्या हातून पैसे घेत नसे. उंबऱ्यावर ठेवायला लावायचा, पाणी शिंपडायचा, मग उचलायचा. विमानात बसून एवढ्या लांब येऊन मी त्याच उंबऱ्याशी उभी राहिले असं वाटलं. ह्यांना कसं कळलं?

खांबाला टेकून बसले. तेवढ्यात तिथलीच एक बाई आली, हातभर सोन्याच्या बांगड्या घातलेली. तिनंही आपलं ताट कापडावरच ठेवलं. तिच्यामागं एक माणूस होता, त्याच्या हातून मात्र भन्तेंनी सरळ घेतलं. आमच्यासोबत निगडीच्या एक रिटायर झालेल्या शिक्षिका होत्या. त्या शेजारी येऊन बसल्या.

"इथले भिक्खू कुठल्याच बाईच्या हातून घेत नाहीत गं. राणी आली तरी कापडच. आधी सांगायला हवं होतं मी."

म्हणजे जातीचं नव्हतं. छातीवरचा धोंडा उतरला. बाई असल्याचा खडा तेवढा राहिला, तो अजून आहे. खोटं कशाला लिहू? उठले, कमळाची एक कळी घेतली आणि मूर्तीपुढं ठेवली. तिथं मध्ये कापड नव्हतं. बाकीची मंदिरं मग मी निवांत पाहिली.

परत आल्यावर जाऊबाईंनी विचारलंच, "मग? कुणी इचारलं का, तू कोण?"

मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हंजी जात सुटली, बाईपण न्हाई सुटलं. चला, निम्मं तरी काम झालं." आणि पदर पसरून बसल्या. "ठेव बाई, हप्ता हितं ठेव. आजपास्नं मीबी भन्ते!"

डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो दोघी.

पगारातून, ओव्हरटाइममधून फेडत गेले. दर वेळी त्या पदर पसरायच्या आणि मी त्यांचा हात ओढून मुठीत पैसे कोंबायची. शेवटचे दिले दिवाळीच्या बोनसमधून. त्या दिवशी त्यांनी चेष्टा केली नाही, नुसता हात पुढं केला. पैसे फिटले सगळे.