रोटाच्या व्हिडिओतला माझा चेहरा

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता... आजही नाही. जे घडलं ते भर दुपारी, कॉम्प्युटरवर.

मी एरंडोलजवळच्या खेड्यातला. नववीत शाळा सुटली. आता कोल्हापुरात लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. मोठ्या भावानेच हे काम बघून दिलं, हातात डबा देऊन बसमध्ये बसवलं — ते उपकार मी सगळ्यांना सांगत आलो. आमच्याकडे एक सॉफ्टवेअर आहे. व्हिडिओत कोण कुठे हसलं, कुठे रडलं ते आपोआप शोधून खूण करतं आणि त्या माणसाचा चेहरा कापून बाजूला लावतं.

श्रावणात भावाच्या मुलाने, गोलूने, घरच्या कानबाईचा, आमच्या खानदेशी देवीच्या सणाचा, व्हिडिओ पाठवला. "काका, मस्त रील करा." रोटासाठी, म्हणजे देवीच्या नैवेद्यासाठी, गहू मोजताना घेतलेला. आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात. जो वेगळा निघाला त्याची मूठ नसते.

सॉफ्टवेअरने एकच खूण केली — रडणे. तिथे दिसतं काय, तर आईचा हात आणि सूप. बाजूला चेहरा मात्र माझा. डोळे भरलेले, अंगात मी कॉम्प्युटरसमोर बसताना घातलेला तोच निळा शर्ट.

शेजारचा विक्या हसला, "गहू बघून रडतोस होय रे?"

खूण पुसून पुन्हा चालवलं. तीच जागा, तोच चेहरा.

मग आवाज वाढवला. आई नावं घेत होती. "हाई आबानी... हाई संजूनी..." आबा म्हणजे वडील, संजू म्हणजे भाऊ. नेमका खुणेच्या जागी आईचा हात जरा थांबतो. मग, "हाई गोलूनी." माझं नाव नाहीच.

दरवर्षी भाऊ फोनवर सांगायचा, तुझी मूठ टाकली.

आईला फोन लावला. "माय, मनी मूठ?"

ती म्हणाली, "तूच भाऊले सांगेल व्हतं ना, मी वेगळा शे म्हणीसन... तीन वरीस व्हयनात."

मी असं कधीच म्हटलं नव्हतं.

मालक म्हणाले, "तुझा जुना फोटो उचलला असेल सॉफ्टवेअरने." पण तो शर्ट मी आदल्याच दिवशी घेतला होता...

भावाला अजून विचारलेलं नाही. नंबर काढतो, तो डबा आठवतो, फोन ठेवतो. चेहरा कुठून आला, कुणालाच सांगता आलेलं नाही. एवढं खरं, की मी तेव्हा रडलो नव्हतो. अजूनही नाही. फोल्डरमधला तो मात्र रडतोच आहे.