अक्कांनी न घेतलेला परवाना

सुमतीअक्कांची आणि माझी पहिली भेट विट्यात, एका अर्ध्यामुर्ध्या बांधलेल्या स्वयंपाकघरात झाली, आणि त्या भेटीत मी त्यांना घरातली स्वयंपाकीण समजले. त्यांच्या अमृतमहोत्सवाच्या ग्रंथात ही कबुली पहिल्याच ओळीत द्यावी की नाही, याचा मी बराच विचार केला. परंतु अक्कांविषयी लिहायचे आणि स्वतःची चूक झाकायची, हे जमणारे नाही.

ते सत्तरच्या दशकातले दिवस. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. मी मुंबईहून गृहसजावटीची पदविका घेऊन सांगलीला घरी परतले होते. जिल्ह्यात पदविकाधारक आम्ही मोजकेच. आमची छोटीशी संघटना होती आणि तिची चिटणीस मी. त्याच सुमारास पेठेतल्या एका कापडदुकानाचा लाकडी पोटमाळा कोसळला आणि खाली बसलेल्या दिवाणजींचा पाय कायमचा अधू झाला. काम कुणा अडाणी ठेकेदाराचे होते. यापुढे सरकारी परवाना असल्याखेरीज कुणालाही इंटिरियर डेकोरेटर म्हणून काम करू देऊ नये, अशी मागणी आमच्या संघटनेने केली. निवेदन मी लिहिले, आणि मनापासून लिहिले.

परवान्याविना चालणारी कामे डोळ्यांनी पाहावीत म्हणून मी विट्याला गेले. सोने गाळण्याच्या धंद्यासाठी दूर दक्षिणेत राहणाऱ्या एका कुटुंबाचे ते गावाकडचे नवे घर होते. स्वयंपाकघरात घरधनीण उभी होती. समोर विटांवर टेकवलेल्या फळीवर परात ठेवून ती पीठ मळत होती. नऊवारी नेसलेल्या एक बाई जमिनीवर बसून सुतळीने तिच्या कोपरापासून खालपर्यंत माप घेत होत्या.

“इंटिरियर डेकोरेटर कुठं आहेत हो, बाई?” मी विचारले.

“मीच की,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “बसा. हिचा खांदा वर जातोय का, तेवढं बघतो आन् मग बोलतो.”

कृष्णाकाठच्या पुष्कळ बायकांप्रमाणे अक्का ‘मी येतो, मी जातो’ असेच बोलतात. मुंबईत चार वर्षे काढलेल्या मला ते तेव्हा कानाला खटकले. मी पुढचा प्रश्न केला, “ओटा किती उंच करणार?”

“हिचा कोपर सांगंल तेवढा. तुमच्या पुस्तकात काय दिलंय?”

“बत्तीस इंच.”

“मग पुस्तकातली बाई हिच्यापरास उंच हाय.”

घरधनीण पिठाच्या हाताने तोंड झाकून हसली. मी हसले नाही. ‘मापनाची शास्त्रीय पद्धत नाही’ असे मी वहीत लिहिले. ती वही आज सापडली तर मी ती चुलीत घालीन.

अक्कांची पूर्वपीठिका मला नंतर कळली. माहेर कवठे महांकाळकडच्या एका खेड्यात, जैन शेतकरी घर, शिक्षण सातवी. लग्न होऊन त्या सांगलीला आल्या. यजमानांची लाकडाची वखार होती. ते अकाली गेल्यावर दीरांनी वखार विकायचा सल्ला दिला. अक्कांनी तिथे कारखाना काढला. गादीकाम करणारे काशीमभाई, दोन सुतार आणि स्वतः अक्का. ‘लोकांना त्यांच्या घरात राहायला सोपं करून देतो’, असे त्या आपल्या धंद्याचे वर्णन करीत. इतकी नेमकी व्याख्या मला माझ्या महाविद्यालयात कुणी सांगितली नव्हती.

परवान्याच्या नियमाचा मसुदा आला तो इंग्रजीत. तो घेऊन अक्का थेट माझ्या घरी आल्या.

“कुलकर्णीबाई, हे जरा वाचून मराठीत सांगा.”

मी गोंधळले. “अक्का, हा नियम आम्हीच मागितलाय. तुम्ही दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या.”

“म्हणून तर तुमच्याकडं आलो. दुसरं कोन आसतं तर मला बरं वाटावं म्हणून गोड करून सांगितलं आसतं.”

मी एकेक कलम वाचून सांगितले. पदविका नसलेल्यास काम घेता येणार नाही. काम घेणाऱ्याच्या हाताखालच्या कारागिरांचीही नोंदणी हवी, आणि तिला किमान शिक्षणाची अट. अक्का शांतपणे ऐकत होत्या. शेवटी एवढेच म्हणाल्या, “पोटमाळा पडला, त्या दिवाणजींच्या घरी तुमच्यातलं कोन जाऊन आलं का?”

कुणीच गेले नव्हते. अक्का जाऊन आल्या होत्या. काम त्यांचे नव्हते, दोषही त्यांचा नव्हता; तरी दिवाणजींना आधाराशिवाय उठता यावे अशी बाज आणि भिंतीला धरायला कठडा त्यांनी सुताराकडून करून दिला होता. हे मला दिवाणजींच्या पत्नीकडून कळले, अक्कांकडून नव्हे.

त्यानंतर मी त्यांची कामे पाहत हिंडू लागले. आता तपासणीसाठी नव्हे. त्यांतले एक काम मी जन्मभर विसरणार नाही. म्हसवडजवळच्या वाडीतले हणमंतराव बांगलादेशच्या लढाईत दृष्टी गमावून परतले होते. तिशीही न ओलांडलेला तो गडी घराच्या सोप्यात दिवसभर एका जागी बसून असे. अक्कांनी त्यांचे तीन खणांचे घर नव्याने मांडून दिले. दारापाशी खडबडीत फरशी, चुलीकडे जाताना गुळगुळीत, पाण्याच्या हंड्यापुढे पुन्हा खडबडीत. भिंतीवर हाताच्या उंचीला लाकडी पट्टी, आणि प्रत्येक खणात तिची कड निराळी. मी गेले तेव्हा हणमंतरावांनी मला स्वतः चहा करून पाजला. कपबशी ठेवताना त्यांचा हात चाचपडला नाही.

मसुद्यावर हरकती ऐकण्यासाठी सरकारी समिती साताऱ्याला बसली. एका बाजूला आम्ही पदविकावाले, दुसऱ्या बाजूला अक्का आणि हणमंतराव. काशीमभाई बरोबर आले होते. परंतु बोलावणे असणाऱ्यांनाच आत सोडत असल्याने ते बाहेर बाकड्यावर बसून राहिले.

समितीचे अध्यक्ष सभ्य गृहस्थ होते. त्यांनी हणमंतरावांना विचारले, “या बाई किती शिकल्या आहेत, याची तुम्ही चौकशी केली होती का?”

“व्हय सायेब, इचारलं की. सातवी म्हनल्या. मग डोळ्याला फडकं बांधून दोन दिस माझ्या घरात फिरल्या. माझ्या आईनं बघितलंय. उंबऱ्याला आडकून पडल्या, गुडघं फुटलं त्यांचं. फडकं काय सोडलं न्हाई. तिसऱ्या दिशी म्हनल्या, हणमंता, आता कळलं तुला कुठं आडतंय.”

अध्यक्षांनी चष्मा काढला आणि ते अक्कांकडे वळले.

“सुमतीबाई, तुमच्या कामाविषयी आम्ही ऐकून आहोत. तुमच्यासारख्या व्यक्तीवर अन्याय व्हावा अशी सरकारची इच्छा नाही. तुम्हाला पदविकेशिवाय, सन्मानाने परवाना देण्याची शिफारस मी करतो. आजच करतो. मग तरी नियमाला तुमची हरकत राहणार नाही ना?”

अक्कांनी पदर सारखा केला. अध्यक्षांनी शिफारशीसाठी पुढे ओढलेल्या कागदाकडे त्या पाहत राहिल्या, आणि मला वाटले, आता त्या हो म्हणणार.

“आन् काशीमभाईंना?” त्यांनी विचारले.

“त्यांना रीतसर अर्ज करावा लागेल. शिक्षण किती?”

“सही येती.”

“मग कठीण आहे.”

“मग मलाबी नको, सायेब,” अक्का म्हणाल्या. “मी चुकलो तर मला धरा. माळा पडला तर ज्यानं केला त्याला कोर्टात हुबं करा, सोडू नका. भिंत पाडायची आसंल, विजेची तार वढायची आसंल, तर जाणत्या इंजिनेरानं बघून सही करावी, हे मी सोताच मागतो. पण कुणाच्या घरात खिडकीखाली काय ठेवायचं आन् गादी कशी शिवायची, ह्याला सरकारचा शिक्का कशाला? काम आवडलं न्हाई तर घरवाला मला भाईर काढंल. त्येच्याकडं दार हाय की.”

अध्यक्षांनी संघटनेचे म्हणणे विचारले. मी उभी राहिले. हातात माझेच निवेदन होते, माझ्याच अक्षरातले, आणि ते मला वाचवेना. भिंती, वीज आणि पोटमाळे यांच्या सुरक्षिततेबद्दलचा भाग मी कायम ठेवते आणि उरलेला मागे घेते, असे मी सांगितले. आमच्यातले दोघे उठून बाहेर गेले. त्यांतले एक माझे शिक्षक होते. ते पुढे माझ्याशी कधी बोलले नाहीत, आणि त्याचे दुःख मला आजही आहे.

परतीच्या एस.टी.त अक्का माझ्या शेजारी बसल्या. पुढच्या बाकावर काशीमभाई डुलक्या घेत होते. कराड मागे पडले, दोन्ही बाजूंना ऊस लागला, तेव्हा खिडकीबाहेर पाहत अक्का हळूच म्हणाल्या, “मला त्यो कागद लय पायजे हुता गं.”

मला प्रथमच त्यांनी ‘गं’ म्हटले होते.

“शाळेत आसताना चित्रकलेच्या मास्तरांनी परीक्षेला माझं नाव घातलं हुतं. तालुक्याला जायचं हुतं. परीक्षेच्याच दिशी बघायला पावणं आलं. मी साडी नेसून पाटावर बसलो. माझं नाव छापलेला कागद मग एकच झाला, लग्नाची पत्रिका. आज त्यो मानूस म्हणाला, सन्मानानं देतो…”

“मग घ्यायचा होता, अक्का. कुणी काही म्हणालं नसतं.”

“काशीमभाई भाईर बाकड्यावर बसलं हुतं गं,” त्या म्हणाल्या.

शिक्षणाला विरोध करणारी बाई, अशी अक्कांची प्रतिमा त्या काळात काहींनी रंगवली. त्यांना हे सांगायला हवे की, शिक्षणाची अक्कांइतकी भूक मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. त्यांचे म्हणणे एवढेच होते की, शिकायचे दार ज्यांना कधी उघडले नाही, त्यांच्यापुढे कामाचेही दार बंद करू नये.

परवान्याची अट पुढे बारगळली. भिंती आणि विजेच्या कामाला जाणकाराची सही हवी, एवढे उरले. अक्कांना मात्र किंमत मोजावी लागली. सरकारी विश्रामगृहाच्या सजावटीचे, त्यांच्या हातात आलेले मोठे काम ‘मान्यताप्राप्त नाही’ या शेऱ्यानिशी दुसरीकडे गेले. त्यासाठी काढलेली चित्रे अक्कांनी गुंडाळून माळ्यावर ठेवली. मी एकदा ती पाहायला मागितली, तर म्हणाल्या, “आता नको. अजून दुखतंय.”

मी संघटना सोडली आणि अक्कांच्या कारखान्यात रुजू झाले. तिथली तीन वर्षे माझ्या आयुष्यातली खरी वर्षे. दुपारी सुतार आडवे झाले की अक्का माझ्या महाविद्यालयातल्या वह्या मागून घेत. शब्द इंग्रजी असत; मी सांगे, त्या बोट ठेवून आकृती पाहत. प्रकाश खोलीत कसा फिरतो, या धड्याला त्यांनी आठ दिवस घेतले. मग म्हणाल्या, “हे मला ठावं हुतं. पण त्याला नाव हाय, हे ठावं न्हवतं.” आणि नवे नाव मिळाल्याच्या आनंदात त्यांनी सगळ्यांसाठी शेंगापोळी केली.

दिवस मावळायच्या आत जेवायचे, हा अक्कांच्या घरचा नेम. त्यामुळे कारखाना उन्हे कलताच बंद होई आणि आम्ही सारे, काशीमभाईसुद्धा, वखारीच्या अंगणात एका ओळीत बसत असू. सागवानाच्या भुशाचा वास, पेठेकडून येणारा हळदीचा वास, भाकरीवर शेंगदाण्याची चटणी. बोलणे उद्याच्या कामाचे. काशीमभाई आता नाहीत. वखारीच्या जागी दुकाने झाली, असे ऐकते. मला ते बघायला जायचे धैर्य होत नाही आणि गेल्यावाचून राहवतही नाही, अशा अवस्थेत मी कित्येक वर्षे आहे.

लग्न ठरले तेव्हा मी अक्कांना म्हणाले, “मी नाही म्हणते. इथंच राहते.” त्यांनी माझे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “माझ्यासाठी थांबू नकोस. कामासाठी थांबायचं आसंल तर थांब. सोताला इचार.” मी स्वतःला विचारले की नाही, कुणास ठाऊक. यजमानांची बदलीची नोकरी. मी उत्तरेकडच्या गावांतून, एकासारख्या एक सरकारी घरांतून फिरत राहिले. भिंतीला खिळा ठोकायलाही परवानगी लागे. अक्कांची पत्रे येत, मोठ्या गोल अक्षरात, कडेला कुठल्यातरी कपाटाचे नाहीतर कोनाड्याचे चित्र. मी उत्तरे पाठवी ती सुखात असल्याची. खरे एवढेच की, त्या अंगणातून उठून आल्यावर मी कुठेच नीट बसले नाही.

आता यजमान निवृत्त झाले आहेत. आयुष्यात प्रथमच आम्ही, सांगलीपासून खूप दूर, स्वतःचे छोटे घर बांधायला काढले आहे. तीन खोल्यांचा नकाशा मी काढला. चौथी खोली कोरी आहे. बांधकाम पाहणारा इंजिनिअर रोज विचारतो, “बाई, या खोलीचं काय ठरलं?” मी सांगते, “थांबा. सांगलीहून एक बाई यायच्या आहेत.”

अक्का, तुमच्या गुडघ्यांना बळ मिळो, नजर आहे तशीच स्वच्छ राहो, आणि शंभरी गाठेपर्यंत तुम्ही कुणाच्या ना कुणाच्या घरात उभ्या राहून ‘इथं उजेड कमी पडतोय’ असे सांगत राहा. हे मागणे तुमच्यासाठी आहे असे सगळ्यांना वाटेल. खरे तर मी ते माझ्यासाठी मागते आहे. पंचाहत्तर वर्षांच्या माणसाला इतक्या लांब बोलावू नये, हे मला कळते. तरी या. त्या खोलीला मी अजून खिडकी ठेवलेली नाही.