डावऱ्या हाताची शिवण

ती घटना आठवली की आजही किराणा दुकानात माझा हात आधी पोत्याच्या तोंडाकडे जातो. बायको म्हणते, "रिटायर झालात, आता तरी पोती सोडा." सुटत नाहीत.

तेव्हा मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्याचा प्रभारी होतो. दुपारी परळी रस्त्यावरच्या धाब्यावरून खबऱ्याचा फोन आला, "साहेब, तांदळाचा ट्रक उभा हाय. ताडपत्री लई घट्ट बांधलीय, अन् डायवर जेवायला बी उतरंना." जेवणाच्या वेळी धाब्यावर न उतरणारा ट्रकचालक मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. आम्ही निघालो.

पोत्यांवर कुठल्याशा खासगी मार्क्याचं नाव होतं. एक पोतं फोडून मूठभर तांदूळ हातावर घेतला, तर त्यात अधूनमधून पिवळसर, वेगळे दाणे. पोषक घटक मिसळलेला रेशनचा तांदूळ तो. आमच्याकडे लोक त्याला 'प्लॅस्टिकचा तांदूळ' म्हणून नावं ठेवतात, निवडून फेकतात. त्या दिवशी त्याच दाण्यांनी चोरी पकडून दिली. पुरवठा निरीक्षकांनी खात्री केली, पंचनामा झाला, ट्रक ठाण्याच्या आवारात आला.

आम्ही हात धुतो न धुतो तोच रेशनच्या वाहतुकीचा सरकारी ठेकेदार हजर. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे आणि सोबत एका वजनदार पुढाऱ्याची दोन माणसं. म्हणाला, "साहेब, माझ्या डायवरनं घात केला. फिर्याद घ्या." ट्रक पकडल्याचं आम्ही त्याला अजून कळवलंही नव्हतं.

चालक पन्नाशी उलटलेला होता. सगळे त्याला मामू म्हणत. मी खुर्चीत नीट बसायच्या आत त्याने सुरू केलं, "सरकारी पोत्यातला माल मीच ह्या पोत्यात भरला, मीच इकाया निघालो. लिवून घ्या." न विचारता कबूल होणारा माणूस बहुधा दुसऱ्याचा धडा म्हणून दाखवत असतो.

"पोती कुणी शिवली?" मी विचारलं.

"मीच."

हवालदाराला मोंढ्यात, धान्याच्या बाजारात पिटाळून दाभण, म्हणजे पोती शिवायची जाड सुई, सुतळी आणि रिकामं पोतं मागवलं. मामूने दोन वेडेवाकडे टाके घातले, तिसरा थेट बोटात. रक्त चोखत म्हणाला, "तरी मीच शिवली, साहेब." मला राग आला आणि खरं सांगतो, कीवही आली. हा असाच अडून बसला तर तुरुंगात हा जाणार आणि खरे चोर उजळ माथ्याने मिरवणार. ते मी होऊ देणार नव्हतो.

संध्याकाळी त्या पुढाऱ्याचा फोन आला. "डायवर कबूल हाय ना, साहेब? मग उगं कावून खोलात जाता? बदल्यांचा मोसम हाय." मी म्हणालो, "आमची अर्धी भांडी कायम खोक्यातच असतात." ही बढाई नव्हती. बायकोला विचारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी जप्तीतलं एक पोतं घेऊन मोंढ्यात गेलो. हमालांच्या मुकादमाने शिवणीवरून अंगठा फिरवला. "सायेब, आमी डाव्या अंगानं शिवत जातो. ही शिवण उजवीकडनं निघालीय. डावऱ्या हाताची हाय. मोंढ्यात असं एकच माणूस."

ते माणूस म्हणजे साठीची एक मावशी, पत्र्याच्या सावलीत पोती शिवत बसलेली. ती नाकबूल होईल म्हणून मी प्रश्न घोळवून आणले होते. सगळे फुकट गेले. पोतं पाहताच ती ताठ बसली. "माझीच हाय की! माझं पोतं फाटंल, पर उसवायचं न्हाई."

"कुठं शिवली, मावशी?"

"त्या बंद जिनिंगात. तीन दिस दार लावून बसवलतं मला. ठेकेदार सवता उभा व्हता."

कापसाची ती बंद जिनिंग मिल पुढाऱ्याची होती. या मंडळींनी पोती बदलली, मार्का बदलला, बळीचा बकराही शोधून ठेवला. शिवणाऱ्या बाईला मात्र कुणी माणसांत धरलंच नव्हतं.

शिवणारी सापडली, एवढंच मामूला सांगितलं. तो लहान मुलासारखा रडला. "घरवालीचं डायलिसिस हाय, साहेब. हप्त्यातनं दोनदा, सोमवारी अन् गुरुवारी, बीडला न्यावं लागतंय. ठेकेदाराची जीप नेती. मी बोललो की जीप बंद."

मी म्हणालो, "गुरुवारी जीप आली नाही, तर माझी गाडी येईल. शब्द देतो." मग तो बोलला आणि सगळं बोलला.

ठेकेदाराला अटक करून मामूसमोर बसवलं. दोघे तरुणपणी एकाच ट्रकवर होते, हे मला तेव्हा कळलं. मामू शांतपणे म्हणाला, "तुला गियर टाकाया मी शिकवलं बे. मला जेलात कावून धाडतो?" ठेकेदाराची इस्त्री तिथेच मोडली. तोंड ओंजळीत धरून म्हणाला, "ठेका माझ्या नावावर हाय, साहेब, पर मी निस्ता सहीचा धनी, धंदा समदा पुढाऱ्याचा. सही न्हाई केली तर ठेका जातो, केली तर मी अडकतो." पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, म्हणून त्याचा जबाब न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवला. पुढाऱ्याला आम्ही भर दुपारी, त्याच्याच कार्यकर्त्यांच्या गर्दीतून उचललं. माझ्या एकाही शिपायाचा पाय मागे सरला नाही. त्या पोरांचा मला आजही अभिमान वाटतो. मामू पुढे कोर्टाच्या परवानगीने माफीचा साक्षीदार झाला.

गुरुवारी सकाळी मी स्वतःची गाडी घेऊन मामूच्या गल्लीत गेलो. दारात जीप उभी होती. ठेकेदाराची बायको स्वतः मामूच्या बायकोला धरून आत बसवत होती. मी गाडीतून उतरलो. पदर सावरत ती म्हणाली, "काल कोठडीत भेटाया गेलते. मालक म्हणले, माझं काय व्हायचं ते होऊ दे, भाभीची जीप थांबू देऊ नको."

नोकरीत पुष्कळ गुन्हे उघडकीला आणले, पण छाती फुगावी असा तपास हाच. तरी त्या दारात मी थोडा वरमलो. तो माणूस गुन्हेगार होताच, आरोपपत्रातला एक शब्दही मी आज मागे घेणार नाही. पण आरोपपत्रात अख्खा माणूस मावत नाही, हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. ते त्या जीपने शिकवलं.

जीप निघाली. माझं तिथे काही काम उरलं नव्हतं. तरी मी तिच्या मागोमाग बीडपर्यंत गाडी नेली. मामूला शब्द दिला होता.