उभ्या माणसाशी न बोलण्याचे दिवस

दुसरीत असताना मी एक नियम केला होता. उभ्या माणसाशी बोलायचं नाही. बसलेल्याशी बोलावं, निजलेल्याशी तर खुशाल बोलावं, पण उभा माणूस दिसला की ओठ मिटायचे. नातवंडं विचारतात, आज्जी, तू लहानपणी हुशार होतीस का गं? मी म्हणते, लय. इतकी, की माझ्या डोक्यात काय चाललंय ते गावात कुणालाच कळत नव्हतं. मला तरी कुठं कळत होतं म्हणा.

तेव्हा लढाई चालली होती आणि आमचे आबा पलटणीत होते. रजा संपवून ते निघाले त्या सकाळी आजीनं त्यांच्या हातावर दही ठेवलं. आई चुलीपाशीच बसून राहिली, कारण सासूदेखत रडायची सोय नव्हती. आबा गल्लीच्या वळणापर्यंत गेले असतील, आणि मी उंबऱ्यावरून, होता नव्हता तेवढा जीव काढून ओरडले, "आबाऽऽ, परत कवा येणार?"

आबांनी न वळताच हात वर केला आणि गेले. इकडं माझ्या पाठीत आजीचा धपाटा बसला. "भवाने, जाणाऱ्याला मागनं हाक मारती व्हय? लढाईवर चाललाय त्यो! काय इपरीत झालं म्हंजी?"

जाणाऱ्याला मागून हाक मारू नये, कुठं चाललास म्हणून विचारू नये, हे आमच्याकडं रांगत्या पोरालाही ठाऊक. मलाही होतंच. पण बाप वळणावर दिसेनासा होताना कुणाला आठवतंय?

आबांचं पत्र महिन्याला यायचं. घरात वाचणारं कुणी नव्हतं, पोस्टमनच ओट्यावर बसून वाचून दाखवायचा आणि चहा पिऊन जायचा. या खेपेला पहिल्या महिन्यात पत्र आलं नाही. दुसऱ्यातही नाही. घरात त्यावर कुणी अक्षर काढीना. आईच्या भाकरी तव्यावर करपायला लागल्या आणि आजी तिला त्यावरून बोलेना, यावरून मी काय ते ओळखलं. मोठ्यांनी काही सांगितलं नाही, म्हणून मी आपलं आपणच गणित मांडलं. मी हाक मारली, पत्र थांबलं. हातचा एकही धरावा लागला नाही.

आधी मी एवढंच ठरवलं, की निघालेल्या माणसाला हाक मारायची नाही. पण माणूस कधी निघेल याचा काय भरवसा? उभा माणूस कुठल्याही क्षणी चालू लागतो. आपण बोलायला आणि त्यानं पाठ फिरवायला एकच गाठ पडली, की झालं! म्हणून उभ्यांशी बोलणंच बंद. आई जात्यावर बसली की मी तिच्याशी बोलायची, ती उठली की वाक्य अर्धं टाकायची. आजीला वाटलं, पोरीला वळण लागलं. शेजारणीला कौतुकानं सांगायची, "आता कशी गरीब गाय झालीया."

अडचण शाळेत आली. आमची शाळा देवळाच्या ओवरीत भरायची. गुरुजी कायम उभे. त्यात हजेरी घेताना ते आमच्याकडं पाठ करून ओवरीच्या पायऱ्यांकडं चालत जायचे, तिथून वळून परत यायचे. माझं नाव नेमकं ते पायऱ्यांकडं निघाले की यायचं. आता सांगा, "हजर" कसं म्हणू? ती मागून मारलेली हाकच की! माझ्या शेजारी बांगडीवाल्या मण्याराची मुलगी बसायची. ती आठवडाभर माझ्या वाटचंही हजर म्हणाली, एकदा जाड आवाजात, एकदा बारीक. मग पकडली गेली. गुरुजींनी मला उभं केलं.

"तोंड नाही तुला?"

मी गप्प.

"हट्ट करतेस?"

मी गप्प. हातावर दोन छड्या बसल्या. मी रडले नाही, मान ताठ ठेवली. वाटलं, आपण गुरुजींचा जीव वाचवला, त्यांना त्याचं काय! असा तोरा होता माझा.

शाळेतला गोंधळ घरी कळल्यावर आजीनं मीठ-मोहऱ्या नि मिरच्या ओवाळून माझी दृष्ट काढली. मिरच्यांच्या धुरानं मी खोकून खोकून बेजार झाले. त्या दिवसांत उभ्या माणसांसमोर माझ्या तोंडून निघालेला तेवढाच आवाज.

शेवटी मण्याराच्या त्या मैत्रिणीनंच फोडलं. तिला मी सगळं सांगितलेलं होतं, अर्थात आधी तिला खाली बसवून. शाळा सुटल्यावर तिनं गुरुजींना गाठलं. "गुरुजी, तिला मारू नगा. ती बोलली की जाणारं माणूस मरतंय. म्हणून ती बसलेल्यासंगंच बोलती."

गुरुजी माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी धोतर सावरलं आणि पोरं घरून आणायची तसल्या एका गोणपाटावर, माझ्यासमोर, मांडी घालून बसले. गुरुजींना खाली बसलेलं मी प्रथमच बघत होते. त्यांच्या टोपीवर खडूची बोटं उमटलेली होती.

"आता बसलोय," ते म्हणाले. "तू सांगेपर्यंत उठत नाही."

मी सांगितलं. दही, वळण, हाक, पत्र. ते मध्ये हसले नाहीत, "वेडी का काय" म्हणाले नाहीत. माझा हात उलटा करून त्यांनी तळव्यावरचा वळ बघितला.

मग त्यांनी एक युक्ती काढली. ते रहिमतपूरहून सायकलीनं यायचे. म्हणाले, "मी आता घरी निघतो. तू मागून हाक मार. उद्या सकाळी मी इथं हजर असेन, मग तुझं तूच बघ." सायकलीवर बसून निघालेसुद्धा. मी पायऱ्यांपर्यंत पळत गेले. शेवटी एक "गुरुजी" निघालं, मांजराच्या पिलासारखं.

आणि दुसऱ्या दिवशी गुरुजी आलेच नाहीत! पोरं आनंदानं ओवरीत कोलांट्या मारत होती आणि मी खांबाला मिठी मारून बसले होते. त्यांच्या बायकोला काय सांगायचं, हेही मी ठरवत होते. सूर्य चांगला वर आल्यावर गुरुजी आले, घामानं निथळत, सायकल हातात धरून. वाटेत ट्यूब फुटली होती, आणि लढाईच्या दिवसांत नवी ट्यूब कुठली मिळायला? मला बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

त्या संध्याकाळी ते आमच्या घरी आले. आजी ओट्यावर सुपानं जोंधळा पाखडत होती. मी आत कणगीमागं.

"मास्तर, तुमी पाढं शिकवा," सगळं ऐकून आजी म्हणाली. "मागनं हाक मारू ने, ह्ये आमच्या आजेसासूपास्नं चालत आलंय."

"असू दे, आजी. मी तुमची रीत मोडायला आलो नाही. पण पोरीला वाटतंय, बाप तिच्यामुळं परत येणार नाही. दोन महिने हे ती एकटी घेऊन फिरतेय. मीही तिला त्यापायी मारलं."

सूप थांबलं. "कोण म्हनलं तिला आसं?"

"तुम्ही."

 बऱ्याच वेळानं सूप पुन्हा हलायला लागलं, पण जोंधळा बाहेर सांडत होता.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. आजीनं डोक्यावर पाटी घेतली, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं आणि म्हणाली, "मी निगाले. वळणापातूर जाती. मग मला हाक मार."

आई दचकली. "आवं आत्याबाई, आसं काय..."

"तू गप. आन् पोरी, आसली तसली न्हाई. बापाला मारली हुतीस तशी मार."

ती चालू लागली. पाठ वाकलेली, पाटी मात्र सरळ. वळण आलं. आई माझ्याकडं बघत होती, तिनं माझा हात धरला. तिचा हात माझ्यापेक्षा गार होता. मी डोळे मिटले आणि ओरडले, "आज्जीऽऽ, परत कवा येणार?" गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. आजी वळली नाही. तिनं हात वर केला, पाटी डुगडुगली, आणि ती गेली.

तो दिवस किती लांब होता ते काय सांगू! मी ओट्यावरून हलले नाही. दिवे लागायच्या सुमाराला आजी आली. पाय धुळीनं माखलेले, पाटीत वांगी आणि गूळ. माझ्यासमोर उभी राहिली, मुद्दाम उभीच, आणि म्हणाली, "बग. हाय का न्हाई?"

"हाय," मी म्हणाले. उभ्या माणसाला.

मग ती शेजारी बसली. गुळाचा खडा मला दिला, एक स्वतःच्या तोंडात टाकला. खाली बघत म्हणाली, "त्या दिवशी मलाबी त्याला हाक मारायची हुती गं. तोंडापातूर आली हुती. तू आदी मारलीस, म्हनून घातला धपाटा."

आबांचं पत्र अजून आलेलं नव्हतं. ते पुढं कितीतरी दिवसांनी आलं, आणि आबा त्याच्याही नंतर. पण त्या संध्याकाळी आम्हा दोघींना ते माहीत नव्हतं. आई आतून भाकरी थापायची थांबून आमचं ऐकत होती. आजीनं तिला हाक मारली, "आगं, तूबी ये की भाईर. बस हितं." आई आली, आणि सासूदेखत पहिल्यांदा रडली.